विहिरीतले शिपाई कुठले?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. बघा सुटतंय का.

एका जुन्या विहिरीत हाडं सापडली. एक-दोन माणसांची नव्हेत, शेकडो माणसांची. सगळी एकमेकांत मिसळलेली. कुठे नाव नाही, चिठ्ठी नाही, फोटो नाही. आता काही लोक म्हणतात, "ही माणसं १८५७ साली मेली." दुसरे म्हणतात, "छे! ही तर १९४७ मधली." दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतंय. आणि त्या वेळी डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस आज जिवंत नाही. मग खरं-खोटं कुणाला विचारायचं?

उत्तर सोपं आहे. हाडांनाच विचारायचं!

हसू नका. हाडं बोलतात. फक्त त्यांची भाषा यावी लागते. ती भाषा शिकवणाऱ्या शास्त्राला 'फोरेन्सिक अँथ्रॉपॉलॉजी' असं लांबलचक नाव आहे. मराठीत म्हणायचं तर न्यायवैद्यक मानवशास्त्र. नाव भारदस्त असलं तरी काम एका वाक्यात सांगता येतं : सापडलेल्या हाडांवरून तो माणूस कोण होता आणि त्याचं काय झालं, हे शोधून काढायचं. पोलिसांना जंगलात, नाल्यात, पडक्या घरात एखादा सांगाडा सापडला, की या शास्त्राच्या जाणकारांची मदत घेतात. विमान कोसळलं, भूकंप झाला, तरीही त्यांची गरज लागते.

आणि आपलं विहिरीचं कोडं मनातलं नाही बरं का! ते अगदी खरं आहे.

अजनाल्याची विहीर

पंजाबात अमृतसरच्या जवळ, रावी नदीच्या बाजूला अजनाला नावाचं गाव आहे. तिथे एक जुनी विहीर होती. लोक तिला 'कालियांवाला खूह' म्हणत. पंजाबीत खूह म्हणजे विहीर. पुढे त्या जागेवर गुरुद्वारा उभा राहिला. पण गावातली जुनी माणसं सांगत, की या विहिरीत १८५७ सालचे शिपाई पुरलेले आहेत.

तुम्ही इतिहासात १८५७ चा उठाव शिकला असाल. मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी ही नावं तोंडपाठ असतील. अजनाल्याचं नाव मात्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसतं. तिथे काय झालं, ते थोडक्यात सांगतो.

लाहोरजवळ मियां मीर इथे कंपनी सरकारची छावणी होती. तिथे बंगालच्या सैन्यातली २६ वी पलटण होती. मेरठला ठिणगी पडल्यावर साहेबांना आपल्याच शिपायांची भीती वाटू लागली. १३ मे १८५७ रोजी या पलटणीची हत्यारं काढून घेतली गेली. अडीच महिने हे शिपाई छावणीत नि:शस्त्र बसून होते. ३० जुलैला छावणीत एकदम गोंधळ उडाला, त्यात पलटणीचा इंग्रज मेजर मारला गेला आणि शिपाई पळाले. पावसाळ्याचे दिवस, रावीला पूर, पोटात अन्न नाही. नदीकाठी त्यांना गाठण्यात आलं. काही तिथेच मेले, काही पुरात वाहून गेले. उरलेल्या २८२ जणांना पकडून अजनाल्याला आणलं आणि कोंडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याच्या हुकमाने त्यांना दहा-दहाच्या गटांत बाहेर काढून गोळ्या घातल्या. खटला नाही, साक्ष नाही, काही नाही. २३७ जण असे मारले गेले. उरलेल्यांना बाहेर बोलावलं तेव्हा कुणी येईना. दार उघडून पाहिलं तर आतले ४५ जण गुदमरून आणि थकून मेलेले होते. २३७ आणि ४५, बेरीज करा. २८२. सगळ्यांना जवळच्या विहिरीत टाकण्यात आलं.

तुम्ही विचाराल, हे इतकं बारकाईने कळलं कसं? तर खुद्द कूपरनेच हे लिहून ठेवलं आहे! १८५८ साली त्याचं पंजाबातल्या घडामोडींवरचं पुस्तक निघालं. त्यात त्याने ही हकीकत दिली आहे, आणि तीही अभिमानाने.

म्हणजे पुस्तकात एक गोष्ट होती, गावकऱ्यांच्या तोंडी एक गोष्ट होती. पण पुरावा? तो जमिनीखाली होता.

विहीर उघडली

२०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत अजनाल्याच्या लोकांनीच पुढाकार घेऊन ती विहीर खोदली. आणि खरोखरच आत माणसांची हाडं निघाली. कवट्या, जबडे, हातापायांची हाडं, हजारो दात. सोबत कंपनी सरकारच्या काळातली नाणी निघाली, पदकं निघाली.

झालं की मग! कोडं सुटलं, असं तुम्हाला वाटेल. पण थांबा. शास्त्रज्ञ इतक्या लवकर मान डोलवत नाहीत.

१९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा पंजाबात भयंकर दंगली झाल्या. अजनाला तर सरहद्दीला लागूनच. त्या वेळी कितीतरी निरपराध माणसं मारली गेली. ही हाडं त्या अभागी माणसांची नसतील कशावरून? काही जाणकारांनी हीच शंका काढली, आणि शंका रास्त होती.

नाणी होती ना? होती. पण नाण्यावरून फक्त इतकंच कळतं, की नाणं पडलं ते ते पाडल्यानंतर. त्याच्या आधी नाही. तुमच्या आजोबांच्या डब्यातलं जुनं नाणं आज तुमच्या हातून विहिरीत पडलं, म्हणून तुम्ही काही आजोबांच्या काळातले होत नाही!

बरं, जुन्या वस्तूंचं वय सांगणारी कार्बनची पद्धत? ती हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांना फार उपयोगी. पण गेल्या दोन-तीनशे वर्षांतल्या हाडांच्या बाबतीत ती अडखळते. १८५७ की १९४७, असा नेमका निवाडा ती देऊ शकत नाही.

तेव्हा हाडं गेली चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात, मानवशास्त्र विभागाचे डॉ. जे. एस. सेहरावत यांच्याकडे. आता आपणही त्यांच्यासारखंच एक-एक प्रश्न विचारत पुढे जाऊ या.

पहिला प्रश्न : किती जण?

हाडं मिसळलेली असली की माणसं मोजायची कशी? यात एक गमतीदार गणित आहे. प्रत्येक माणसाला डाव्या मांडीचं हाड एकच असतं, हो ना? मग ढिगातली फक्त डाव्या मांडीची हाडं वेगळी काढायची. समजा ती ४० निघाली. म्हणजे माणसं कमीत कमी ४० तरी आहेतच. उजव्या मांडीची ४३ निघाली, तर कमीत कमी ४३. जे हाड सर्वांत जास्त वेळा सापडेल, तो आकडा धरायचा. 'कमीत कमी' हा शब्द महत्त्वाचा. काही हाडं मोडून चुरा झालेली असतात, काही हरवलेली असतात. म्हणून शास्त्रज्ञ 'इतकेच' असं म्हणत नाहीत, 'निदान इतके' म्हणतात.

दुसरा प्रश्न : बाई की पुरुष?

हे सांगायला सर्वांत उपयोगी हाड कमरेचं. बाळंतपणासाठी निसर्गाने बाईच्या कमरेच्या हाडांची रचना रुंद आणि मोकळी केलेली असते. पुरुषाची अरुंद असते. कवटीवरूनही अंदाज येतो. पुरुषांच्या भुवयांवरचा उंचवटा आणि कानामागचं टेंगूळ सहसा मोठं असतं. तुमच्या कानाच्या मागे बोट लावून पाहा, लागलं ना ते हाड?

पण लहान मुलांच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे सांगणं अवघड असतं, कारण हे फरक वयात आल्यावर पडतात.

तिसरा प्रश्न : वय किती?

इथे तर तुम्ही स्वतःच चालतं-बोलतं पुस्तक आहात. जन्मलेल्या बाळाच्या शरीरात जवळजवळ ३०० हाडं असतात आणि मोठ्या माणसाच्या शरीरात २०६. मग बाकीची जातात कुठे? कुठेच जात नाहीत, एकमेकांना जोडली जातात! तुमच्या हातापायांच्या लांब हाडांची टोकं अजून वेगळी आहेत. मधे मऊ कूर्चा आहे, आणि तिथूनच तुमची उंची वाढते आहे. वाढ पुरी झाली की टोकं सांधली जातात. कुठलं टोक साधारण कितव्या वर्षी सांधतं, हे ठरलेलं असतं. सर्वांत शेवटी सांधतं ते गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलर बोन. त्याचं छातीकडचं टोक पंचविशी उलटेपर्यंत, कधी कधी तर तिशीपर्यंत पुरतं जुळत नाही.

दातांचंही तसंच. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्या वर्षाच्या. अक्कलदाढ सतरा-अठराच्या पुढे, आणि काहींना तर कधीच येत नाही. (तेवढ्यावरून त्यांना अक्कल नाही असं म्हणू नका हं!)

आता अजनाल्याकडे परत या. फाळणीच्या दंगलीत बायका मारल्या गेल्या, मुलं मारली गेली, म्हातारी माणसंही मारली गेली. ही त्यांची हाडं असती, तर ढिगात सगळ्या वयाची आणि दोन्ही प्रकारची हाडं मिसळलेली दिसायला हवी होती. पण अभ्यासात जी चिन्हं मिळाली ती प्रौढ पुरुषांची. एखाद्या पलटणीत असतील तशी! पारडं थोडं झुकलं, नाही का? पण अजून 'नक्की' म्हणता येत नाही.

चौथा प्रश्न : हाड कधी मोडलं?

झाडाची ओली फांदी मोडून पाहिली आहे कधी? ती लवते, चिरफळते, साल लोंबत राहते. वाळकी काटकी मात्र कट्‌कन सरळ तुटते. हाडाचंही अगदी असंच. जिवंतपणी किंवा मरताना झालेला घाव ओल्या फांदीसारखा दिसतो. पुरल्यावर अनेक वर्षांनी मोडलेलं हाड वाळक्या काटकीसारखं तुटतं, आणि तुटलेली कड बाकीच्या हाडापेक्षा फिकट असते. आणि एखाद्याचं हाड लहानपणी मोडून पुन्हा जुळलं असेल, तर तिथे गाठ दिसते. म्हणजे घाव केव्हाचा हेही हाड सांगतं.

हाड काय सांगत नाही, तेही ऐकून ठेवा. हाडावरून त्या माणसाची जात कळत नाही. धर्म कळत नाही. तो श्रीमंतांच्या घरचा असो की गरिबाच्या, मांडीचं हाड मांडीच्याच जागी असतं.

पाचवा प्रश्न : गाव कोणतं?

हाच खरा कळीचा प्रश्न. दंगलीत मारले गेलेले लोक त्याच मुलखातले, म्हणजे पंजाबचे असणार. आणि २६ वी पलटण? बंगालच्या सैन्यात भरती व्हायची ती उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा या भागांतून. म्हणजे शिपाई पूर्वेकडचे. तेव्हा माणसं कुठली हे कळलं, की कोडं सुटलं!

पण मेलेल्या माणसाचं गाव हाडावरून कसं कळणार? इथे मदतीला आले दात.

दाताच्या वरचं जे पांढरंशुभ्र टणक कवच असतं, त्याला एनॅमल म्हणतात. हाडं जन्मभर आतून झिजत आणि नव्याने भरत राहतात. एनॅमलचं तसं नाही. ते एकदा बनलं की बनलं. सहाव्या वर्षी जी दाढ बाहेर येते ना, तिचं एनॅमल जबड्याच्या आत जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतं. म्हणजे त्या वयात तुम्ही जे पाणी प्यालात, त्याची खूण त्या दाढेत कायमची बंद झाली.

आता पाण्याची खूण कसली? पाण्यात ऑक्सिजन असतो हे तुम्हाला माहीत आहे. त्यातला बहुतेक ऑक्सिजन नेहमीचा, पण अगदी थोडा किंचित जड असतो. एकाच ऑक्सिजनची ही दोन भावंडं. शास्त्रात त्यांना आयसोटोप किंवा समस्थानिकं म्हणतात. ढग समुद्रावरून जमिनीकडे येतात तेव्हा जड ऑक्सिजनचं पाणी पावसाबरोबर आधी पडून जातं. ढग जसजसे आत जातात, डोंगर चढतात, तसतसं त्यांच्यातलं जड पाणी कमी होत जातं. म्हणून वेगवेगळ्या मुलखांतल्या पाण्यात या दोन भावंडांचं प्रमाण वेगवेगळं असतं. तेच प्रमाण पाण्यातून दातात उतरतं. गाव सुटतं, माणूस पलटणीत भरती होतो, शेकडो मैल चालत जातो, परमुलखात मरतो. पण लहानपणी प्यालेल्या पाण्याची खूण दाढेत तशीच राहते.

अजनाल्याच्या ८५ नमुन्यांवर ही ऑक्सिजनची तपासणी झाली. शिवाय ५० नमुन्यांमधून डी.एन.ए. काढून तपासला. हा डी.एन.ए. खास प्रकारचा होता. आपल्या पेशींत एक डी.एन.ए. असा असतो, की तो फक्त आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. वडिलांचा त्यात वाटा नसतो. देशाच्या निरनिराळ्या भागांत या आईकडच्या डी.एन.ए.चे निरनिराळे प्रकार कमी-जास्त आढळतात. म्हणून त्यावरूनही मुलूख ओळखायला मदत होते.

या कामात सेहरावत यांच्याबरोबर हैदराबादची सी.सी.एम.बी. ही संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ इथले शास्त्रज्ञ होते. २०२२ साली त्यांनी निकाल जाहीर केला. दातांतलं पाणी पंजाबचं नव्हतं. डी.एन.ए.ही पंजाबकडे बोट दाखवत नव्हता. दोन्ही खुणा एकाच दिशेला जात होत्या. गंगेच्या खोऱ्याकडे, पूर्वेकडे!

म्हणजे गावातली जुनी माणसं सांगत होती ते खरं होतं. विहिरीतले ते शिपाईच होते.

बघा हं, एकाही पुराव्याने एकट्याने कोडं सोडवलं नाही. नाणी, हाडं, दात, डी.एन.ए. आणि कूपरचं पुस्तक, प्रत्येकाने थोडं थोडं सांगितलं. पाच साक्षीदारांची साक्ष जुळली, तेव्हा कुठे निकाल लागला.

घाईने काय हरवलं?

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. विहीर खोदणाऱ्या लोकांच्या मनात त्या शिपायांबद्दल आदर होता, यात शंका नाही. पण खोदताना पुरातत्त्वाचे किंवा हाडांचे जाणकार तिथे नव्हते. फावड्या-कुदळींनी भराभर माती उपसली गेली. कितीतरी हाडं मोडली. कुठलं हाड कुठल्या हाडाशेजारी होतं, कोण वर होतं, कोण खाली होतं, याची नोंद राहिली नाही.

जाणकार कसं काम करतात ठाऊक आहे? जागेवर दोरीने चौकोन आखतात. लहान करणी आणि ब्रशने माती हटवतात. प्रत्येक हाडाचा जागेवरच फोटो काढतात, नकाशात खूण करतात, नंबर देतात, आणि मगच उचलतात. मातीसुद्धा चाळून घेतात, कारण एखादा दात किंवा बटण त्यात असतं. एकाच माणसाची सगळी हाडं अशी एकत्र मिळाली, तर त्याचं वय, उंची, जुनी दुखणी सारं जुळवता येतं. एकदा ढीग केला की ते परत जुळत नाही. उखडलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी मांडता येत नाही.

म्हणून लक्षात ठेवा. कुठे सहलीला, शेतात, बांधकामाच्या खड्ड्यात तुम्हाला हाड सापडलं आणि ते माणसाचं असेल अशी शंका आली, तर हात लावू नका. मोठ्यांना सांगा, मोठे पोलिसांना सांगतील.

राजा आणि शिपाई

अजनाल्याच्या अभ्यासाने मुलूख सांगितला, पण एकेकाचं नाव सांगितलं नाही. का बरं? ते समजण्यासाठी आपण जरा इंग्लंडला जाऊन येऊ.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मारला गेला. तेव्हा त्याचं वय ३२. त्याला लेस्टर शहरातल्या एका मठात घाईघाईने पुरलं. पुढे मठ पाडला गेला आणि थडगं हरवलं. २०१२ साली तिथे गाड्या उभ्या करायच्या जागेखाली खोदकाम केलं, तर एक सांगाडा मिळाला. तिशीतला पुरुष. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला. कवटीवर घाव. जुन्या लेखकांनी राजाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उंच होता असं लिहिलेलं होतंच.

पण नाव पक्कं करायचं तर डी.एन.ए. कुणाशी तरी जुळायला हवा. राजाची थोरली बहीण होती ॲन. बहीण-भावाला आईकडचा डी.एन.ए. सारखाच मिळतो. ॲनच्या मुलीला तो मिळाला, तिच्या मुलीला, तिच्या मुलीला, असं करत करत शास्त्रज्ञ आजच्या काळातल्या वारसांपर्यंत येऊन पोचले. त्यांचा डी.एन.ए. सांगाड्याशी जुळला! फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला, आणि २०१५ साली राजाला लेस्टरच्या मोठ्या चर्चमध्ये मानाने पुरण्यात आलं. पाचशेहून अधिक वर्षांनी राजाला त्याचं नाव परत मिळालं.

हे कशामुळे जमलं? केवळ शास्त्रामुळे नव्हे. राजघराण्याची वंशावळ कुणीतरी लिहून ठेवली होती म्हणून. अजनाल्याच्या दातांतही डी.एन.ए. होताच की! तो काढणारे शास्त्रज्ञ हुशार होते, यंत्रं तीच होती. पण तो जुळवायचा कुणाशी? बिहारमधल्या किंवा अवधमधल्या एखाद्या खेड्यातून एक पोरगा पलटणीत गेला आणि परत आलाच नाही. त्याची आई वाट पाहत राहिली असेल. ती कोण, तिच्या लेकी कोण, त्यांच्या लेकी आज कुठे आहेत, हे कुणी लिहिलंच नाही.

राजाला नाव मिळालं, शिपायांना अजून नाही. फरक हाडांत नव्हता, दोस्तांनो. फरक वहीत होता.

करून पाहा

या आठवड्यासाठी दोन कामं.

एक : घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची पावलं मोजा. भिंतीला टाच टेकवून उभं करा आणि अंगठ्याच्या टोकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. त्याला १०० ने गुणा आणि १५ ने भागा. येईल तो आकडा त्यांच्या उंचीच्या जवळपास असेल. पाऊल २४ सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं १६०. मग खरी उंची मोजून पडताळा. कुणाचं उत्तर जुळलं, कुणाचं चुकलं, किती चुकलं, याचा तक्ता करा. मांडीच्या हाडावरून उंची काढतानाही शास्त्रज्ञ असंच गणित मांडतात. आणि तेही 'इतकीच' म्हणत नाहीत, 'इतक्याच्या आसपास' म्हणतात. का, ते तुमचा तक्ताच तुम्हाला सांगेल.

दोन : एक कागद घ्या. त्यावर स्वतःचं नाव लिहा. वर आईचं. तिच्या वर आईच्या आईचं. तिच्या वर तिच्या आईचं. कुठपर्यंत जाता येतं बघा. वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं घरात कुणाला ना कुणाला माहीत असतात. पण आईकडून वर जायला लागलात की तीन-चार पायऱ्यांतच अडायला होईल. एक तर मुलीचं आडनाव लग्नात बदलतं, आणि कितीतरी घरांत नावसुद्धा बदलायचे. म्हणून माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, सगळं विचारा. आजी जवळ असेल तर आजच विचारा. दूर असेल तर फोन करा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

सांगाडा म्हटला की घरात भुताच्या गोष्टी निघतात, नाहीतर "नको तो विषय" म्हणून मुलांना गप्प केलं जातं. दोन्ही नको. मुलं मरणाबद्दल विचारणारच. हाडं ही कुणाची तरी असतात, त्या कुणाला तरी आई होती, नाव होतं, एवढं त्यांना कळलं तरी भीतीची जागा आदर घेईल. आणि वरचं दुसरं काम करायला मुलांना तुमचीच मदत लागणार आहे. त्या कागदावरची रिकामी जागा भरणारं माणूस कदाचित तुमच्या घरात अजून बसलेलं आहे. त्यांना बोलतं करा.

तर मंडळी, कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्या आणि लागा कामाला. तुमच्या आईची, आजीची, पणजीची नावं कुठपर्यंत मिळाली, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.